पाठ नसलेले फोटो

आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांनी तिने विणलेले स्वेटर घालून शाळा संपवली. तिचं खरं नाव कुणी कधी विचारलं नाही. ती लोकरमावशी. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढच्या खोलीत खिडकीला लागून विणकामाचं मशीन, आणि दिवसभर त्याचं खर्र-खट्ट, खर्र-खट्ट. मशीन जास्त वेळ थांबलं की वरच्या मजल्यावरून सिस्टर जिन्यात येऊन ओरडायच्या, "काय गं, मेलीस की जेवतेस?"

"जेवतेय. तुझी पाळी आधी!" खालून उत्तर जायचं.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. दोघींचं भांडण ऐकून नव्या भाडेकरूंना वाटायचं, या बोलत तरी कशा असतील. पण एकीला ताप आला की दुसरीच्या घरी चूल पेटायची नाही.

मावशीचा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. पोरगी शाळेत असतानाच तो गेला. त्याला एकच शौक होता, फोटो काढून घ्यायचा. स्वतःकडे कॅमेरा नव्हता, पण कुणाकडे दिसला की हा लेकीला उचलून समोर उभा. फोटो धुऊन आला की मागच्या बाजूला पेन्सिलने दोन ओळी लिहायचा. 'गुंडीचा पहिला दात पडला तो दिवस. ती रडली नाही. मी रडलो.' लोकरीच्या छोट्या गुंड्यासारखी गोल म्हणून गुंडी. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

बाप गेल्यावर गुंडीने ती सवय उचलली. लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली तरी महिन्या दोन महिन्यांनी पाकीट यायचं. आत छापलेला फोटो, मागे तिचं तिरकं अक्षर. 'हा आमचा ओटा. भांडी मुद्दाम दिसतील अशी ठेवली आहेत, म्हणजे तुला पटेल की मी घासते.' मावशी ते वाचून हसायची, चौकट करून घ्यायची आणि भिंतीवर लावायची. मशीनच्या समोरची अख्खी भिंत भरली होती. एखादा फोटो परत वाचावासा वाटला की ती खिळ्यावरून चौकट काढायची, मागचा पुठ्ठा सरकवायची, वाचायची आणि परत टांगायची. त्यामुळे तिच्या भिंतीवरच्या चौकटी कायम थोड्या वाकड्या असत.

जावई वाकडं काही सहन करणारा नव्हता. मोठ्या दुकानांमध्ये जाहिरातींचे पडदे बसवायचा त्याचा व्यवसाय होता, आणि चांगला चालला होता. आवाज हळू, वागणं अदबीचं. घरात येताना बूट काढून रांगेत लावायचा, आणि बाकीच्यांचेही सरळ करायचा. गुंडीला तो गुंडी म्हणत नसे. तिच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारायचा, पूर्ण.

"नाव ठेवायला जागाच नाही," मावशी कौतुकाने म्हणाली होती.

"तेच मला खटकतंय," सिस्टर म्हणाल्या.

"तुला धडधाकट माणूस बघवतच नाही. तुला पेशंट लागतात."

एका दुपारी तो एकटाच आला, हातात भलामोठा सपाट खोका. मावशी त्याच्या पाठीमागे बघत राहिली.

"गुंडी?"

"तिला जरा बरं नाही, आई. थंडी बाधली. पण तिनेच पाठवलंय हे. म्हणाली, आईला रोज आपण दिसलो पाहिजे."

खोक्यात पडदा होता, फोटो दाखवणारा. त्याने कुणाची मदत घेतली नाही. भिंतीवरच्या चौकटी एकेक करून उतरवल्या, प्रत्येक फडक्याने पुसली, आणि रिकाम्या खोक्यात उभी रचली. मावशी पदराशी चाळा करत बघत होती.

"राहू दे की थोडे. बाजूला जागा आहे."

"हे बघा." त्याने एक चौकट तिच्यापुढे धरली. गुंडीचा शाळेतला फोटो काचेला चिकटून बसला होता, गालाजवळ बुरशीचा ठिपका. मग दुसरी. मावशीच्या नवऱ्याचा चेहरा उडत उडत पिवळ्या कागदासारखाच झालेला. "भिंतीला ओल आहे. अजून काही वर्षांनी यातलं काहीच उरणार नाही. फोटो म्हणजे कागद, आई. कागद मरतो. मी सगळे स्कॅन करून पडद्यात घालतो, मग ते कायमचे. आणि चौकटी तुम्हाला परत आणून देतो."

म्हणणं खोटं नव्हतं. ओल होतीच. नवऱ्याचं नाक तिला आता अंदाजानेच दिसायचं. खोका गाडीत गेला. भिंतीवर फिकट चौकोन उरले आणि त्यांच्या मधोमध तो काळा पडदा.

त्याने बटण दाबलं आणि गुंडी खिडकीत उभी राहिली. हातात चहाचा कप, केसांवर ऊन, जवळजवळ खऱ्याएवढा चेहरा. मावशीच्या तोंडून "अगंबाई!" निघून गेलं. ती जवळ गेली, लेकीच्या गालावर तळवा ठेवला. काच गार असेल असं वाटलं होतं. ती कोमट होती.

"वर हा बारीक ठिपका आहे ना," जाता जाता तो म्हणाला, "तो कॅमेरा. कधी समोरासमोर बोलावंसं वाटलं तर. तुम्ही काही करायचं नाही, सगळं मी तिकडून बघतो."

पहिले काही आठवडे गल्लीत दुसरा विषय नव्हता. जो तो पडदा बघायला येई. पडद्यावर फोटो आपोआप बदलायचे. गुंडी बागेत, गुंडी स्वयंपाकघरात, गुंडी पुस्तक वाचताना. कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आज' असं यायचं. अधूनमधून जुनेही दिसायचे, आणि खरंच सुधारलेले. बुरशी गेलेली, नवऱ्याला त्याचं नाक परत मिळालेलं. त्या दिवशी मावशी मशीनवर बसलीच नाही. खुर्ची ओढून नवऱ्यासमोर बसून राहिली. चष्म्याचा नंबर वाढलेल्या बाईला एवढं मोठं, एवढं स्वच्छ काही बघायला मिळणं ही लहान गोष्ट नव्हती.

पाकिटं मात्र यायची बंद झाली. गुंडीचा रविवारचा फोनही हळूहळू आखडत गेला. मावशीने लावला की तो उचलायचा.

"झोपलीये, आई. पण आजचा फोटो बघितलात ना? किती छान आलाय."

"बघितला. पण आवाज ऐकला असता."

"उठली की सांगतो."

उठल्यावर फोन यायचा नाही. दुसऱ्या दिवशी नवा फोटो यायचा, हसरा. आणि लेक एवढी हसतेय म्हटल्यावर तक्रार कसली करायची, असं मावशी स्वतःलाच समजवायची.

मग एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "आई, खुर्ची खिडकीपासून हलवलीत? आधीच्या जागी उजेड बरा होता."

मावशीने खुर्चीकडे बघितलं. सकाळीच हलवली होती. "पाठीला ऊन लागत होतं," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. भिंतीवर इतकी वर्षं इतके चेहरे होते, पण त्यातल्या एकानेही कधी तिच्याकडे बघितलं नव्हतं. ते आता तिच्या लक्षात आलं.

पुढच्या खेपेला त्याने विचारलं, "काल संध्याकाळी त्या बाई बऱ्याच वेळ बसल्या होत्या. कोण त्या?"

"सिस्टर. वरच्या. तुमच्या लग्नात वाढत नव्हत्या का!"

"हां, त्या. फार बोलतात." आणि तो हसला.

मावशीने ते सिस्टरना सांगितलं, पण घरात नाही. जिन्यात सांगितलं. सिस्टर नेहमीप्रमाणे टोमणा मारतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "गुंडीचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

त्याच आठवड्यात पडद्यावर सायकलचा फोटो आला. तो तिला पाठ होता. गुंडी सायकलवर, मागे कॅरिअरवर तिची शाळेपासूनची मैत्रीण, दोघी तोंड उघडून हसताहेत. ती मैत्रीण आता गुंडीच्याच शहरात दाताच्या डॉक्टरकडे कामाला होती. पडद्यावर सायकल होती, गुंडी होती, रस्ता होता. कॅरिअर रिकामं होतं. मागची भिंत सफाईने पुरी केली होती, कुठे खाडाखोड म्हणून नाही. मावशी अगदी पडद्याला नाक लावून बघत राहिली. तेव्हा तिला दिसलं. गुंडीच्या कमरेशी, फ्रॉकच्या चुणीवर, चार बोटं राहून गेली होती. मैत्रिणीने घट्ट धरलं होतं ना, ती बोटं. त्यांच्यामागे हात नव्हता, माणूस नव्हतं.

मावशीने वर जाऊन सिस्टरचा मोबाइल घेतला आणि जिन्यातूनच त्या मैत्रिणीला फोन लावला.

"मावशी?" पलीकडची पोर चाचरली. "तुम्ही बोलताय माझ्याशी?"

"का गं? न बोलायला काय झालं?"

"म्हणजे... तुम्हीच गुंडीला सांगितलंत ना, माझी संगत सोड म्हणून? तिचे मिस्टर मला तसं म्हणाले. तिचा नंबरही बदलला. मी दोनदा घरी गेले, तर वॉचमनने वर सोडलं नाही. मला वाटलं, तुमच्या मनात काहीतरी..."

मावशी पायरीवरच बसली. सिस्टरनी फोन तिच्या हातातून घेतला आणि उरलेलं त्या बोलल्या.

तरीही ती लगेच निघाली नाही, हेही सांगायला हवं. लेकीचा संसार, आपण जाऊन काय बघणार, जावयाला काय वाटेल, हे सगळं तिच्या डोक्यात होतंच. निघाली ती स्वेटरमुळे.

पडदा यायच्या थोडंच आधी गुंडीने तिचा आवडता स्वेटर दुरुस्तीला पाठवला होता. राखाडी, गळ्याशी पिवळी पट्टी. कोपर झिजलं होतं. मावशीची शाळांची कामं संपेनात, त्यामुळे तो पडून राहिला होता. त्या दिवशी तिने तो मांडीवर घेतला आणि एक बाही पार खांद्यापर्यंत उसवली. उसवलेली लोकर गुंडाळता गुंडाळता तिने वर बघितलं.

पडद्यावर गुंडी बागेतल्या बाकावर बसली होती. अंगात राखाडी स्वेटर, गळ्याशी पिवळी पट्टी, दोन्ही बाह्या धड. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आज सकाळी'.

मावशीचे हात थांबले. एवढंच. तिने स्वेटर उचलून पडद्याशी धरला नाही, ओरडली नाही. ठिपका बघतोय हे तिला त्या क्षणीही आठवत होतं. तिने हळूच मांडीवरचं काम दुसऱ्या लोकरीखाली सारलं, नाक पुसलं, आणि मशीनकडे वळून शाळेच्या निळ्या स्वेटरची पाठ विणायला घेतली. टाके चुकत होते. चुकू दिले. लेकीचे हे सगळे 'आज' कधीचे होते? किती जुने? आणि खरी गुंडी आज कशी दिसत होती?

थोड्या वेळाने तिने मोठ्याने म्हटलं, "मेलं आलं संपलंय," आणि वाटी घेऊन जिना चढली.

संध्याकाळी त्याचा फोन आला. एरवी तो आपणहून करत नसे.

"आई, आज मशीनचा आवाज मध्येच थांबला. तब्येत बरी ना?"

म्हणजे तो ऐकतही होता. "सुई अडकली होती," मावशी म्हणाली. "जुनं झालंय हो, माझ्यासारखंच."

"उद्या काय?"

"उद्या लोकर आणायला बाजारात जाईन म्हणते. दिवस मोडेल."

"सावकाश जा. गर्दी असते."

सकाळी ती पहिल्या बसने निघाली. पिशवीत उसवलेला स्वेटर होता. इकडे सिस्टर मावशीची शाल डोक्यावरून घेऊन, पडद्याकडे पाठ करून मशीनवर बसल्या. बाजारातून लवकर परत आली असं वाटावं म्हणून जरा उशिराने बसल्या, एवढा विचार त्यांनी केला होता. विणकाम त्यांना येत नव्हतं. नुसताच हात फिरवत होत्या.

मैत्रीण बस स्टँडवर वाट बघत होती. तिने कामावरून रजा घेतली होती आणि येता येता एका कुलूपवाल्याला बोलून ठेवलं होतं. दोघी त्या इमारतीपाशी गेल्या. नवी इमारत, काचेचं दार, कुंड्या. वॉचमन अदबीने उठला.

"साहेब कामावर गेलेत. आणि मॅडम तर गावी आहेत, आईकडे. बरेच महिने झाले."

"मी तिची आई," मावशी म्हणाली.

वॉचमनने तिच्याकडे बघितलं, मग मैत्रिणीकडे. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "पण वरून कधी कधी भांड्यांचा आवाज येतो," आणि त्यांच्याबरोबर जिना चढायला लागला.

दाराला बाहेरून कुलूप होतं. मावशीने दारावर थाप मारली. "गुंडे! ए गुंडे, मी आलेय!"

आत काहीतरी सरकलं. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, बारीक आवाज आला.

"बंद करा ते. मी काही मागितलं नाही आज. आईचा आवाज लावू नका."

मैत्रिणीने तोंडावर हात ठेवला. मावशीला आधी कळलंच नाही. मग कळलं. तिचं सगळं बोलणं, पडद्यासमोरचं, सिस्टरशी, मशीनशी, देवाशी, तो इकडे लेकीला ऐकवत होता.

"अगं, मी आहे. खरी. दाराशी उभी आहे."

"रोज असंच सुरू होतं," आतून आवाज आला. रडण्याच्याही पलीकडचा, नुसता थकलेला.

मावशी खाली बसली. दाराखाली बोटभर फट होती. तिने पिशवीतून स्वेटर काढला, उसवलेल्या बाहीच्या लोकरीचं टोक सोडवलं आणि फटीतून आत सरकवलं. वीतभर, मग हातभर. आत काहीच हलेना. तिने अजून थोडी लोकर सोडली.

मग लोकर ताणली गेली. आतून कुणीतरी धरून ओढत होतं, आधी हळू, मग भराभरा. मावशीच्या मांडीवर टाके उसवत गेले, आणि दाराआडून लेकीने लहानपणी मारायची तशी हाक मारली.

कुलूपवाला आला, कुलूप निघालं.

गुंडीचे केस कुणीतरी कसेही कापले होते. डावं मनगट वाकडं होतं, मोडून आपोआप जुळलेलं. अंगावर त्याचा सदरा. ती आईला बिलगली नाही. आधी तिने दोन्ही हातांनी आईचा चेहरा चाचपला, कान, हनुवटी, चष्म्याची काडी.

त्या घरात एकही खिडकी उघडी नव्हती आणि प्रत्येक भिंतीवर पडदा होता. पडद्यांवर गुंडी हसत होती, लांब केसांची, भरल्या गालांची. एका पडद्यावर मावशीची स्वतःची पुढची खोली होती, जशीच्या तशी. मशीनवर शाल पांघरलेली एक बाई पाठमोरी बसली होती.

गुंडीने पडद्याकडे बोट केलं, मग आईकडे बघितलं. "मग ती कोण?"

"ती सिस्टर. माझ्या मशीनची वाट लावत असेल," मावशी म्हणाली, आणि तिथे त्या खोलीत तिला हुंदका फुटला.

तुटक तुटक कळत गेलं ते असं. त्याने गुंडीला सांगितलं होतं की आई तिच्यावर चिडलीय, तिला ती नकोय. विश्वास बसेना तेव्हा पडदा दाखवला. बघ, तुझ्यावाचून काही अडलंय का तिचं? शेजारीण आहे, चहा आहे, हसणं आहे. आणि ते खरंच होतं. मावशी हसत होती, कारण समोर लेक हसत होती.

"चला," मैत्रीण म्हणाली. "आधी इथून चला."

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. हळू, अदबीचा.

"आई, आलात होय? कळवलं असतंत तर गाडी पाठवली असती. बसा. मी पोचतोच आहे."

गुंडी जागच्या जागी खाली बसली, डोकं गुडघ्यांत. सांगितल्यासारखी. वॉचमनने पॅसेजमधला मेन स्विच खाली ओढला आणि सगळ्या भिंती एकदम काळ्या झाल्या. मावशी आणि मैत्रिणीने तिला दोन्हीकडून धरलं. जिना उतरताना ती प्रत्येक वळणावर वर छताकडे बघत होती.

फाटकाशीच तो भेटला. गाडी नीट रेषेत लावून उतरला होता. घाई नाही, राग नाही.

"चहा तरी घेऊन जा, आई." मग त्याने गुंडीपुढे हात केला आणि तिला पूर्ण नावाने हाक मारली. "चल. गोळीची वेळ झाली." आजूबाजूला दोनचार माणसं थांबली होती. त्यांच्याकडे बघून तो ओशाळल्यासारखं हसला. "तिची तब्येत ठीक नसते हो. आईंना काही कल्पना नाही."

ती माणसं मान हलवायला लागली. मावशी पुढे सांगायची की सगळ्या दिवसातली खरी भीती तिला तेव्हा वाटली. तो इतका पटण्यासारखा होता. आणि गुंडीचा हात तिच्या हातातून सुटत होता, त्याच्याकडे जायला निघाला होता.

मावशीने तोच हात वर उचलला, मनगटाला धरून, सगळ्यांना दिसेल असा.

"हे कुठल्या डॉक्टरने बसवलं?" ती बाजारात ओरडतात तशी ओरडली. "नाव सांगा! हाड मोडलं तेव्हा कुठे नेलं होतंत तिला? कोण होता डॉक्टर?"

त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. वॉचमन मध्ये येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही तर मॅडम गावी आहेत म्हणाला होतात." मैत्रिणीने तोवर रस्त्यावर गाडी थांबवली होती. तिथून त्या सरळ पोलीस ठाण्यात गेल्या.

खटला उभा राहिला आणि रेंगाळत राहिला. त्याला जामीन मिळाला, गुंडीला घटस्फोट. दोन्ही घरांतले पडदे पोलिसांनी काढून नेले. चौकटींच्या खोक्याचं विचारलं, तर त्याने शांतपणे सांगितलं की ते त्याने टाकून दिले, स्कॅन झाल्यावर कागद कशाला ठेवायचा. म्हणजे पोरीच्या पहिल्या दातामागची ती पेन्सिलची ओळही गेली. तिचा कुणी फोटो काढला नव्हता.

गल्लीत हे कळल्यावर लोकांनी आपापल्या पेट्या उघडल्या. ज्याच्या त्याच्या अल्बममध्ये कुठेतरी कोपऱ्यात गुंडी निघाली. कुणाच्या वाढदिवसाला केकपेक्षा पुढे डोकं काढलेली, कुणाच्या वर्गाच्या फोटोत डोळे मिटलेली, माझ्या घरच्या एका फोटोत तर नुसता वेणीचा शेंडा. सगळे आणून दिले. मावशीने ते भिंतीवर लावले, आधी भिंतीची ओल काढून, रंग देऊन. नवऱ्याचा एकच मिळाला, डेपोतल्या कुणाकडून, बसच्या खालून बाहेर येताना. तोंड काळं, दात पांढरे.

गुंडी बरीच सावरली. मनगट परत मोडून बसवावं लागलं. आता ती मशीन चालवते आणि मावशी स्वेटरचे गळे शिवते. कुणी फोन काढून तिच्या दिशेने धरला तर ती उठून आत जाते. भिंतीवरच्या फोटोंची तिला भीती वाटत नाही, पण पहिले कित्येक महिने ती त्यांना रोज बोट लावून बघायची, हलतात का म्हणून. कोणी गुंडी म्हटलं की लगेच ओ देते. पूर्ण नावाने हाक मारली की तिच्या हातातलं काम पडतं.

मागच्या महिन्यात दुपारी फोन वाजला. मावशीने उचलला. पलीकडे अनोळखी बाई होती, आवाज सभ्य, जरा संकोचलेला. तिच्या मुलीसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा घटस्फोटित आहे, व्यवसाय चांगला आहे, माणूस फार शांत आहे. एकदा आधीच्या घरी विचारून घ्यावं, असं तिच्या भावाचं म्हणणं पडलं.

मावशीने सांगितलं. काहीही न गाळता सगळं सांगितलं, मनगटापर्यंत, लोकरीपर्यंत. पलीकडची बाई शेवटी म्हणाली, "तुम्ही अगदी असंच म्हणाल, असं त्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं."

"अहो, ऐका, तुमच्या घरात त्याने काही बसवलंय का? भिंतीवर?"

"कालच बसवलं. फार सुंदर आहे." आणि फोन बंद झाला.

मावशी रिसीव्हर हातात धरून तशीच उभी राहिली. गुंडी मशीनवरून उठली. त्या प्रकरणाबद्दल ती न्यायालयाबाहेर कुणाशी एक शब्द बोलली नव्हती, आमच्यापैकी कुणाशीही नाही. तिने आईच्या हातातून फोन घेतला आणि फोनवर उमटलेला तोच नंबर परत लावला. बराच वेळ वाजला.

"बोला," पलीकडून आवाज आला. तो त्याचा होता. हळू, अदबीचा.

मावशी सांगते, तिने फोन ठेवला नाही.

"तुमच्याशी काम नाही," गुंडी म्हणाली. "त्या मुलीला फोन द्या. मी थांबते."